चौथी तसबीर

माय,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून मी तुला आयुष्यात एकही खरं पत्र लिहिलं नाही. कुवेतहून सात वर्षं पत्रं पाठवली, पण ती सगळी शेजारच्या मास्तरांच्या तोंडून तुझ्यापर्यंत जायची. तू ओट्यावर मांडीत सूप घेऊन विड्या वळत बसलेली, मास्तर चष्मा पुसून खाकरून मोठ्यानं वाचणार, आणि आळीतल्या चार बाया काम हातात तसंच धरून कान देणार. अशा पत्रात माणूस काय कपाळ लिहिणार? 'इकडील सर्व क्षेम, काळजी नसावी, पोरीला जपावे.' संपलं. तुझं उत्तरही मास्तरांच्याच हातचं. 'चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी कन्येस अनेक उत्तम आशीर्वाद.' नवरा जाऊन दोन वर्षं झालेली आणि मास्तर मला सौभाग्यकांक्षिणी करून मोकळे! तू काय म्हणाली असशील ते मला ठाऊक होतं. 'तिला लिवा, टायमात जेवत जाय, नुस्ती राबू नको.' पण त्यातलं एक अक्षर माझ्यापर्यंत पोचायचं नाही. आता मास्तर नाहीत, तू नाहीस, तो ओटा पाडून तिथं पाण्याची टाकी बांधली आहे. तू गेलीस त्या वयापेक्षा मी आता बारा वर्षांनी मोठी आहे, म्हणजे म्हातारपणाच्या मानानं मी तुझी थोरली झाले. तेव्हा गप ऐकून घे, मध्ये बोलू नकोस. अर्थात तू बोलणारच.

आणीबाणी लागली त्या वर्षी मी गेले. पोर अडीच वर्षांची होती. तिचे वडील ओझरच्या विमानाच्या कारखान्यात कामाला होते, सायकलवरून घरी येताना आग्रा रोडवर ट्रकनं उडवलं, हे तुला मी काय सांगायचं, तूच तर पहिली धावली होतीस. मी सिव्हिलला नर्स, तीही टेंपरवारी, दर तीन महिन्यांनी पुन्हा अर्ज, पुन्हा साहेबापुढे उभं राहणं. सासरच्यांनी तोंड फिरवलं. मग आमच्यातली एक जण कुवेतला गेली आणि तिचं पत्र आलं की बाई इथं नर्स पाहिजेत, ये. मी ते पत्र आठ दिवस कनवटीला लावून हिंडले. तुला सांगायची छाती होत नव्हती. सांगितलं तेव्हा तू वळत होतीस ती विडी पुरी केलीस, दोरा गुंडाळलास, कात्रीनं टोक कापलंस आणि म्हणालीस, "जाय. हितं बसून रडून का पोर मोठी व्हनार हाय?" मी म्हटलं, माय, ती मला विसरेल. तर तू कधी नव्हे ती चिडलीस. "मी काय मेलेय का? पोर तुझी हाय, तुझीच ऱ्हाईल. मी नुस्ती राखण करीन. आल्यावर जशीच्या तशी तुझ्या पदरात घालीन." हे तू बोललीस त्या दिवसापासून मी ते धरून बसले. तिकडे पोचेपर्यंत आणि पोचल्यावरही, पोर माझी राहील ना, एवढी एकच गोष्ट माझ्या डोक्यात होती. घर, नोकरी, बाकीचं सगळं मागाहून.

निघायच्या दिवशी तू पोरीला शेळीचं करडू दाखवायला म्हणून रेल्वे लाइनीपलीकडे घेऊन गेलीस. तिनं मला जाताना बघून हंबरडा फोडू नये म्हणून. ते मला आता कळतं, तेव्हा कळलं नव्हतं. मी नाशिकरोडच्या फलाटावर ट्रंकेवर बसून वाट बघत होते की तू तिला घेऊन येशील. गाडी आली, सुटली. तू आली नाहीस. तुझ्या हातचं गाठोडं तेवढं मांडीवर, त्यात बाजरीच्या कडक वाळवलेल्या भाकऱ्या, लसणाची चटणी आणि काळा मसाला, घट्ट बांधूनसुद्धा अख्ख्या डब्याला शिंका आणणारा. त्या फलाटाचा राग मी किती वर्षं पोटात ठेवला म्हणून सांगू! मास्तरांनी वाचलं असतं म्हणून लिहिला नाही, एवढंच.

मुंबईहून बोट. नऊ दिवस. डेकवर माणसं सतरंज्या टाकून, पेट्या डोक्याशी घेऊन, गोठ्यात बांधल्यासारखी. मी गोदावरीपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. पहिले तीन दिवस मला इतक्या ओकाऱ्या झाल्या की चौथ्या दिवशी वाटलं, उडी मारलेली बरी. मस्कत, दुबई, बहारीन असं थांबत थांबत जाते ती बोट, आणि प्रत्येक बंदरावर थोडी माणसं उतरतात, हात करतात, आणि मागे राहिलेल्यांना उगाच वाटतं की उतरले ते सुखी. कुवेतला कस्टमच्या माणसानं माझं गाठोडं सोडलं, मसाल्याच्या पुडीत नाक घातलं आणि असा काही शिंकला की त्याची टोपी खाली पडली. मी हसले. नऊ दिवसांत पहिल्यांदा. त्यानं काहीतरी अरबीत सुनावलं, शिव्याच असणार, आणि पुडी परत दिली.

त्या गावाचं तुला काय सांगू. गाव कसलं, शहर, मोठे मोठे रस्ते, लांबच लांब गाड्या, काचेची दुकानं. पण एकही डोंगर नाही, माय. आपल्याकडे कुठंही उभं राहा, एका बाजूला तरी डोंगर दिसतो. लेणीचा डोंगर कुठल्या अंगाला आहे ते बघून आपण रस्ता ओळखतो, घड्याळसुद्धा ओळखतो. तिथं पहिल्या शुक्रवारी मी साबण आणायला म्हणून बाहेर पडले आणि चुकले. एका चौकात उभी राहून मी गोल फिरले, डोंगर शोधत. कितीदा तरी फिरले. चहूकडे नुसतं आभाळ, जमिनीपर्यंत टेकलेलं, आणि मातकट. लोखंडी कठडा धरला तर हात भाजला. शेवटी तिथंच फुटपाथवर बसून रडले. एक म्हातारी बाई, काळा बुरखा, दात पडलेले, माझ्याजवळ आली. मला तिचं कळेना, तिला माझं. तिनं माझ्या पांढऱ्या युनिफॉर्मकडे बघितलं, मनगटाला धरलं आणि चालत चालत दवाखान्याच्या दारात आणून सोडलं. तिचा हात तुझ्या हातासारखा खरबरीत होता. मी त्या दिवशीच्या पत्रात लिहिलं, 'शहर फार सुंदर आहे.'

खोलीत आम्ही चौघी. माझ्या शेजारच्या पलंगावर केरळची एक थोरली सिस्टर होती, तिला सगळ्या चेची, म्हणजे ताई, म्हणायच्या, म्हणून मीही म्हणायचे. तिची तीन मुलं तिच्या आईजवळ. तिनं मला सगळं शिकवलं. कुठल्या नळाचं पाणी खारं, कुठलं प्यायचं, धूळ उठली की खिडक्यांच्या फटीत ओले फडके कसे कोंबायचे, खुबूस म्हणजे त्यांची रोटी गरम असतानाच कशी खायची. थंड झाली की चामडं. मी तिला काळ्या मसाल्याचं कालवण घातलं तर ती डोळ्यांतून पाणी काढत म्हणाली, "तुझ्या आईला सांग, हे औषध आहे का विष?" आणि दोन वाट्या संपवल्या. तिनंच मला एकदा विचारलं, मुलीला फोटो पाठवलास का? मुलं चेहरा विसरतात, सहा महिने पुरतात. ती हे हसत हसत म्हणाली होती. मला मात्र त्या दिवशी अन्न गेलं नाही. माझी ड्यूटी बाळंतिणींच्या वॉर्डात. दिवसाला पाच-सहा पोरं माझ्या हातात जन्माला यायची. मी पुसायचे, गुंडाळायचे, आईच्या कुशीत द्यायचे, आणि दर वेळी मनात हिशेब, माझी आता एवढी झाली असेल, आता तिच्या दाढा पुऱ्या आल्या असतील, आता ती पूर्ण वाक्य बोलत असेल.

पुढच्या आठवड्यात मी स्टुडिओत जाऊन फोटो काढला. पांढरा युनिफॉर्म, डोक्यावर टोपी, छातीला घड्याळ. फोटोवाला म्हणाला, हसा. मी हसले नाही. मला वाटलं हसले तर पोरीला वाटेल, आई तिकडे मजेत आहे. मोठा करून घेतला, पुठ्ठ्यात घालून पाठवला. मास्तरांचं उत्तर आलं, 'छायाचित्र पोहोचले. काच व चौकट करून घेतली आहे. मुलगी नित्य दर्शन घेते.' मी ते पत्र चेचीला वाचून दाखवलं, माझ्या मोडक्या हिंदीत. दर्शन या शब्दाचं मला तेव्हाच काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट मी सुखानं झोपले त्या दिवशी. माझी पोर रोज माझं तोंड बघते म्हणून.

तीन वर्षांनी आले. तेव्हा विमानानं आले, ऐट होती ना आता! मुंबईहून कसाऱ्याचा घाट चढून टॅक्सी आली, आणि घाट संपल्यावर पहिला डोंगर दिसला तेव्हा मी ड्रायव्हरला थांबवलं आणि नुसती बघत उभी राहिले. तो म्हणाला, बाई, उलटी होतेय का? दुपारची वेळ. आळीत सगळे पुरुष कामावर, बाया ओट्यांवर. दारात पोर उभी. साडेपाच वर्षांची, दोन वेण्या, फ्रॉकला हिरवी फीत. मी हात पसरले. तिनं माझ्याकडे बघितलं. मग ती आत गेली. आत जाऊन भिंतीकडे बघितलं, परत दारात आली, परत मला बघितलं. आणि असं किंचाळली की समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. "माय गं! मेलेली आई आली!"

तू नळावरून हंडा घेऊन येत होतीस. हंडा तिथंच ठेवून पळत आलीस. पोर तुझ्या लुगड्यात शिरली. आळीतल्या बाया गोळा झाल्या, आणि आधी मी हसले, मग सगळ्या हसल्या. तू मात्र नाही हसलीस. तू तिला विचारलंस, "कुनी सांगितलं गं तुला, मेली म्हनून?" तिनं बोट केलं. भिंतीवर ओळीनं चार तसबिरी. पहिली बुद्धाची. दुसरी निळ्या कोटातल्या आपल्या साहेबांची. तिसरी तिच्या वडिलांची. चौथी माझी, वडिलांच्या फोटोला होती अगदी तश्शीच चौकट, मेन रोडच्या त्याच दुकानातली. खाली फळीवर मेणबत्ती, उदबत्तीचं घर आणि चार ताजी फुलं. पोर हुंदके देत म्हणाली, "बुद्ध वारले, साहेब वारले, बाबा वारले. मंग ती?" काय चुकलं होतं तिचं? जित्या माणसाच्या फोटोपुढं कुणी फूल ठेवतं का?

त्या संध्याकाळी तू रोजच्यासारखी वंदना घेतलीस. पोर तुझ्या शेजारी हात जोडून, खडखडीत त्रिसरण म्हणत होती. मी मागे सतरंजीवर बसले होते. वंदना झाल्यावर ती उठली, एकेका तसबिरीखाली एकेक फूल ठेवलं, चौथीखाली पण. आणि मग तिथंच उभी राहून पुटपुटायला लागली. आज शाळेत तिला बाईंनी मारलं नाही, शेजारच्या रंगीनं तिची पेन्सिल घेतली, एक बाई आलीय, ती आपल्याच घरात राहणार आहे म्हणे. माझ्या फोटोला ती माझी तक्रार सांगत होती, माय! तू मला डोळ्यांनी खुणावलंस, गप ऱ्हा. तूच तिला शिकवलं होतंस ना, 'सांग तुझ्या आईला, आज काय काय झालं.' तीन वर्षं ती रोज सांगत होती. मी आणलेली बाहुली तिनं कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसवली होती.

दोन दिवस मी दम धरला. तिसऱ्या दिवशी तिला न्हाऊ घालायला बोलावलं तर ती तुझ्याकडे बघून विचारते, "जाऊ का?" माझं डोकं फिरलं. आठवतं तुला मी काय काय बोलले? मला शब्दन् शब्द आठवतो. "जित्या लेकीला मयताच्या रांगेत टांगलंस! एवढी अक्कल नव्हती? का मुद्दाम केलंस? मी मेलेलीच बरी होते तुला, म्हणजे पोर आयती तुझी!" दार उघडं होतं. अख्खी आळी ऐकत होती. तू तंबाखूचे हात पदराला पुसलेस. मग म्हणालीस, "ती हात जोडायला उभी ऱ्हाती तवाच तेवढी तिची नजर थिर व्हती. बाकी टायमाला पाखरागत हिंडती. म्हनून तिथं लावला. दोन येळा तरी तुझं त्वांड दिसावं तिला." आणि स्टूल घेऊन, त्यावर चढून, तू फोटो उतरवलास. तुझे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते. मी बसून बघितलं. उठून हात दिला नाही.

तू दिलेला शब्द तूच पाळत होतीस, हे कळायला मला फार वर्षं लागली. पोर माझी राहावी म्हणून तू मला घरातल्या सगळ्यांत मोठ्या जागेवर नेऊन बसवलंस. तुझ्याकडे दुसरी मोठी जागाच नव्हती. मी पाठवलेल्या फोटोतली बाई हसत नव्हती, बोलत नव्हती, रागवत नव्हती, पोरीचं सगळं ऐकून घेत होती. त्या बाईशी मी कशी पुरणार? फोटो उतरवल्यावर पोरीला ताप भरला. मी उशाशी बसून मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत होते, शेकडो पोरांचा ताप उतरवलेली मी. तिनं डोळे उघडून विचारलं, "आईला कुठं ठिवलं?" मी म्हटलं, अगं मीच तुझी आई. तर म्हणते, "नाय. आई भांडत नाय."

चाळीस दिवसांची सुट्टी. जसजसे दिवस गेले तशी ती थोडी जवळ आली, खोटं कशाला बोलू. माझ्या हातून वेणी घालून घ्यायची. एकदा झोपेत तिचा पाय माझ्या अंगावर पडला तर मी तासभर हलले नाही. पण हाक नाही मारली तिनं कधी. "अवं" म्हणायची, बाहेरच्या बाईला म्हणतात तसं. जायच्या दिवशी सकाळी मी ट्रंक बांधत होते आणि ती स्वयंपाकघरात तुला हळूच विचारत होती, तिला वाटलं मला ऐकू येत नाही. "ती गेली की फोटो परत लावायचा ना, माय?" आणि मला फाडकन आवाज आला. तू तिच्या मुस्काटात मारलीस. तू, जिनं माझ्या अंगाला कधी बोट लावलं नाही. पोर रडली नाही, नुसती तुझ्याकडे बघत राहिली, आणि रडलीस तू. चुलीपुढे बसून, तोंडात पदर कोंबून. मी आत आले नाही. टॅक्सी आली म्हणून ओरडले आणि निघाले.

त्यानंतर चार वर्षं मी आले नाही. दर वर्षी सुट्टी होती. पत्रात काय काय लिहिलं मी! या वर्षी दवाखाना सोडत नाही, पुढच्या वर्षी नवीन करार आहे, घराचं बांधकाम होऊ दे. सगळं खोटं. सुट्टीचा अर्ज मी भरायचे, उशीखाली ठेवायचे आणि मग फाडायचे. चेची ओरडायची माझ्यावर, तू आई आहेस का दगड. मला भीती वाटत होती. परत त्या दारात उभं राहायची, परत पोर मला बघून आत भिंतीकडे बघायला जाईल याची. परक्या गावात परकं असणं सोपं आहे गं. तिथं मला भाजीवाला ओळखायला लागला होता, अरबी बाया बाळाला माझ्या हातात देऊन हिला तुझ्यासारखी नर्स कर म्हणून थट्टा करायच्या, मला डोंगराशिवाय रस्ता सापडायला लागला होता. तिथं कुणी मला आई म्हणावं अशी अपेक्षाच नव्हती. मास्तरांची पत्रं येत राहिली. 'मुलगी आता चौथीत आहे. आपल्या मातोश्रींची प्रकृती बरी नसते. या वर्षी अवश्य यावे.' तो 'अवश्य' मास्तरांचा नव्हता, तुझा होता. मला तो ओळखू आला होता. तरी मी नाही आले.

मग तार आली. सकाळी अकरा-साडेअकराची वेळ, मी एका बाईचं बाळ तोलत होते. मेट्रननं बाजूला बोलावलं. मी तार वाचली, घडी केली, खिशात ठेवली आणि परत जाऊन बाळाचं वजन लिहिलं. सगळ्या म्हणाल्या, धक्का बसलाय तिला. धक्का वगैरे काही नाही. आत नुसतं कोरडं होतं. विमानातसुद्धा डोळ्यांत टिपूस नाही. मला माझीच लाज वाटायला लागली. आळीत पोचल्यावर बाया काय म्हणतील, सख्खी लेक आणि रडली नाही. मी पोचले तेव्हा तुला नेऊन तिसरा दिवस होता, सकाळीच राख सावडून माणसं परत आली होती. ओटाभर बाया. तुझं सूप भिंतीला टेकवून ठेवलेलं, त्यात अर्ध्या वळलेल्या विड्या तशाच. मास्तर खुर्चीवर मान खाली घालून.

मी दारात उभी राहिले. ज्या दाराला चार वर्षं भीत होते त्याच दारात. आत अंधार होता, डोळ्यांना काही दिसेना. आणि कोपऱ्यातून कुणीतरी उठलं, उंच झालेलं, लांब हातापायांचं, आणि बायांना ओलांडत, ठेचकाळत, धावत आलं आणि माझ्या पोटाशी येऊन आदळलं. माझ्या साडीत तोंड खुपसून म्हणाली, "आई, माय गेली."

हे पत्र तुला कुठल्या पोस्टात टाकू, आणि लेकीच्या हाती लागू द्यायचं नाही, म्हणून लिहून झालं की मी ते गॅसवर धरणार आहे. पण त्याआधी एवढं लिहू दे. तिनं तीन शब्द उच्चारले, त्यातला मी पहिला ऐकला. पुढचे दोन मला ऐकूच आले नाहीत. आणि मग मी रडले, माय. अशी रडले की बायांनी मला धरून खाली बसवलं, कुणी पाणी आणलं, कुणी म्हणालं रडू द्या, लेकीचं काळीज आहे, मास्तर चष्मा काढून डोळे पुसायला लागले. तुझी राख अजून मडक्यात होती आणि मी पोरीला घट्ट धरून रडत होते, तिच्या केसांचे मुके घेत होते, आणि माझ्या जन्मात मी त्या दिवसाइतकी सुखी कधी झाले नाही, ना आधी, ना नंतर. लेक आता पन्नाशीला आली. ती अजून सगळ्यांना सांगते, माझी आई मायसाठी रडली तसं कुणाला रडताना मी पाहिलं नाही. मी तिथंच बसलेली असते. मी मान हलवते.